परसातले प्रश्न : एका खुराड्यात कोंबडे किती?

पावसाळ्याच्या तोंडावर कोंबडीपालनाविषयीची पत्रे दरवर्षी वाढतात. या खेपेस मात्र निम्म्याहून अधिक पत्रांच्या मुळाशी कोंबडी नसून कोंबडा आहे. मराठीत अनेकवचनाला प्रत्यय लागला की कोंबडे आणि कोंबड्या दोघांचेही ‘कोंबड्यांना’ होऊन जाते, त्यामुळे पुढील उत्तरांत जिथे घोटाळा होण्यासारखा आहे तिथे मी सरळ ‘नर’ आणि ‘माद्या’ असे शब्द वापरले आहेत.

प्रश्न : मागील वर्षी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती. नऊ पिल्ले जगली, त्यांपैकी पाच कोंबडे निघाले. घरचा जुना गिरिराज कोंबडा धरून आता सहा नर आणि नऊ माद्या आहेत. गेल्या दोन महिन्यांपासून माद्यांच्या पाठीवरची पिसे गेली आहेत, दोन कोंबड्या दिवसभर खुराड्याबाहेर पडत नाहीत आणि अंडी निम्म्यावर आली आहेत. हा कोणता रोग आहे? औषध सुचवावे. (एक वाचक, ता. कुडाळ)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे रोगाची नसून नर अधिक झाल्याची आहेत, आणि त्याची खात्री आपल्याला घरच्या घरी करून घेता येईल. तिन्हीसांजेला कोंबड्या दांडीवर बसल्या की विजेरीच्या मंद उजेडात एकेक कोंबडी उचलून मांडीवर घ्यावी आणि डोक्याची मागची बाजू, दोन पंखांमधली पाठ व पंखांखालच्या कुशी अशा तीन जागा पाहाव्यात. नर मादीवर चढताना चोचीने तिच्या मानेची पिसे धरतो आणि पायांनी तिच्या पाठीवर तोल सांभाळतो. त्यामुळे या जागांवरची पिसे मुळापासून न उपटता अर्ध्यावर तुटतात आणि कातडीत राहिलेले देठ हाताला दाढीच्या खुंटांसारखे टोचतात. उवांचा उपद्रव असता तर मलद्वाराभोवतालच्या पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढुरके पुंजके दिसले असते, आणि पिसे बदलण्याचा हंगाम असता तर मान, छाती आणि शेपटीसह सगळीकडची पिसे गळून त्या जागी नव्या पिसांचे कोंब आलेले दिसले असते. कुशीत पायाच्या नखाने फाडलेली जखम आहे का, हे विशेष जपून पाहावे, कारण पंख मिटलेला असताना ती दिसत नाही आणि पावसाळ्यात तिच्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही.

साधारणतः भारी वजनाच्या जातींत एका नरामागे ८ ते १० माद्या आणि हलक्या गावठी कोंबड्यांत १० ते १२ माद्या असाव्यात. आपल्याकडे हे प्रमाण एका नरामागे दीड मादी इतके झाले आहे. शिवाय सगळे नर सगळ्या माद्यांच्या मागे सारखेच लागत नाहीत. त्यांच्या मर्जीतल्या दोन-तीन ठरलेल्या असतात आणि त्यांचेच हाल सर्वांत जास्त होतात. खुराड्याबाहेर न पडणाऱ्या आपल्या दोन कोंबड्या बहुधा त्याच असाव्यात. त्या आजारी नाहीत, लपून बसल्या आहेत. आणि बाहेर न पडल्यामुळे त्यांचे चरणे व पाणी पिणे कमी होऊन अंडीही थांबली आहेत.

आता कोणता नर ठेवावा, हा प्रश्न राहतो. पाचही तरुण नर काढावेत, हे तर उघडच आहे, कारण आपल्या नऊ माद्यांपैकी चार त्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत आणि उरलेल्यांत त्यांच्या आया आहेत. परंतु माझ्या मते जुना गिरिराजही बदलावा. गिरिराज ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसातील पालनासाठी तयार केलेली संकरित जात आहे. ती काटक आहे, मांसाला व अंड्यांना चांगली आहे, यात वाद नाही. पण सव्वा किलोच्या गावठी कोंबडीवर तीन-साडेतीन किलोचा नर रोज चढत असेल, तर एकच नर ठेवूनही पाठी सोलून निघतात. शिवाय चार तलंगा (तरुण माद्या) त्याच्याच मुली असण्याचा संभव आहे, आणि संकरित कोंबड्याच्या पुढच्या पिढीत त्याचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, ही गोष्ट वेगळीच. दुसऱ्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या घरी त्याच्या बदल्यात गावठी नर मिळाला तर तो व्यवहार फायद्याचा ठरेल. नर बदलल्यानंतर तीन आठवडे रवणाला, म्हणजे पिल्ले काढण्यासाठी कोंबडीखाली, अंडी ठेवू नयेत. जुन्या नराचे बीज मादीच्या शरीरात सुमारे दोन आठवड्यांपर्यंत टिकते.

तुटलेली पिसे लगेच येणार नाहीत, याची मात्र कल्पना असू द्यावी. कातडीत देठ शिल्लक असेपर्यंत त्या जागी नवे पीस उगवत नाही. ते पुढच्या पीसगळीतच येईल. तोवर उघड्या पाठीला उन्हाचा आणि इतरांच्या चोचीचा त्रास होतो, म्हणून रक्त आलेली कोंबडी बरी होईपर्यंत वेगळी डालावी. परदेशांत अशा कोंबड्यांच्या पाठीवर कापडी झूल बांधतात. कोकणातल्या दमट हवेत त्या झुलीखाली उवांची वसाहत होण्याची शक्यता अधिक, त्यामुळे मी ती सुचवणार नाही.

अंड्यांतून निम्मे नर निघणार, हे गृहीत धरूनच रवण बसवावे. साधारण सहा ते आठ आठवड्यांत नर पिल्लांचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो. तीन महिन्यांच्या सुमारास कमरेवरची पिसे लांब व टोकदार दिसली की शंका उरत नाही. त्याच वेळी ते वेगळे काढावेत. माद्या दृष्टीआड असल्या तर एकाच खेपेचे नर एकत्र बरेच शांत राहतात. माघात रवण बसवले तर फाल्गुनात पिल्ले निघतात आणि आषाढी अमावास्येपर्यंत नर पाच महिन्यांचे होतात. गावठी कोंबड्याला वर्षातला सर्वांत चांगला भाव त्याच आठवड्यात असतो आणि लगेच श्रावण लागतो. आपले पाच नर वर्षाचे होऊन गेले आहेत, त्यामुळे त्यांचे मांस आता चिवट लागेल. तरीही येत्या आषाढाच्या पुढे त्यांना ठेवू नये.

प्रश्न : बारा कोंबड्या आणि एक कोंबडा यांसाठी नवीन खुराडे बांधायचे आहे. जुन्या खुराड्यातून मुंगसाने एका रात्रीत चार कोंबड्या मारल्या. मुंगसाचा बंदोबस्त कसा करावा आणि खुराडे केवढे असावे? (एक वाचक, ता. संगमेश्वर)

उत्तर : प्रथम मुंगसावरचा आळ काढून टाकू. मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. पिल्ले आणि अंडी तो पळवतो, पण भर दुपारी. रात्री एकाच वेळी चार कोंबड्या मान तोडून टाकलेल्या आढळल्या, तर ते काम उदमांजराचे, जवादी मांजराचे, रानमांजराचे किंवा गावातल्या कुत्र्याचे असते. गुन्हेगार कोण, हे कळणे महत्त्वाचे अशासाठी की उदमांजर उत्तम चढते. आपण जमिनीलगत दगड रचत बसाल आणि ते छपराच्या फटीतून आत उतरेल. मुंगूस, उदमांजर, घोरपड या साऱ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे फासे लावणे आणि विष घालणे हे मार्ग मनातही आणू नयेत. बंदोबस्त खुराड्याचा करायचा, प्राण्याचा नव्हे.

माझ्या पहिल्या खुराड्याला मी कोंबड्यांची म्हणून विकली जाणारी षटकोनी जाळी लावली होती आणि दार सुताराकडून चांगले सागवानी करून घेतले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात एका रात्री सात कोंबड्या गेल्या. सकाळी पाहिले तर जाळी शाबूत, कडी जागच्या जागी. चौकटीच्या खालची माती पागोळीच्या पाण्याने वाहून गेली होती आणि उंबऱ्याखाली चार बोटांची फट पडली होती. तिच्या कडेला करड्या केसांची एक बट अडकली होती. तेव्हापासून खुराडे तपासताना मी एकच माप वापरतो : जिथे माझी मूठ आडवी शिरते, तिथे जनावर शिरते. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती आहे, जनावराला बाहेर ठेवण्यासाठी नाही. कुत्रा तिला दातांनी फाडतो. खुराड्यासाठी अर्ध्या इंचाची, जोड पक्के केलेली चौकोनी वेल्डमेश जाळीच घ्यावी. ती महाग पडते, म्हणून भिंती कमरेपर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांच्या कराव्यात आणि जाळी फक्त वरच्या भागाला लावावी. छप्पर आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेलाही तीच जाळी हवी. नेमकी तीच जागा बहुतेक जण विसरतात. दाराला कडी असेल तर कडीत खिळाही अडकवावा.

रात्रीच्या मुक्कामासाठी मोठ्या कोंबडीला २ ते अडीच चौरस फूट जागा पुरते, तेव्हा तेरा पक्ष्यांसाठी ५ फूट बाय ६ फुटांचे खुराडे पुरेसे होईल. हे माप दिवसभर मोकळ्या सुटणाऱ्या कोंबड्यांचे आहे. कोंडून ठेवायच्या असतील तर याच्या दुपटीनेही भागणार नाही. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट आत येत नाही. पावसाची झड आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येते, त्यामुळे दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या जाळीवर नारळीचे झाप किंवा ताडपत्री सोडता-गुंडाळता येईल अशी व्यवस्था करावी आणि पागोळी भिंतीपासून किमान दीड-दोन फूट लांब पडेल इतके छप्पर पुढे काढावे.

बसायच्या दांड्या २ इंच रुंद, वरून सपाट व कडा घासलेल्या असाव्यात आणि त्या सर्व एकाच उंचीवर, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बसवाव्यात. शिडीसारख्या चढत्या दांड्या दिसायला छान दिसतात, पण सगळ्यांना वरचीच दांडी हवी असते आणि रोज संध्याकाळी तिच्यासाठी भांडणे होतात. दर कोंबडीला ८ इंच आणि नराला फूटभर दांडी धरावी. अंडी घालण्याची खोकी दांडीपेक्षा खाली आणि अंधाऱ्या बाजूला ठेवावीत, नाहीतर कोंबड्या रात्री त्यांतच झोपतात आणि सकाळची अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. पाच माद्यांना एक याप्रमाणे आपल्याला तीन खोकी पुरतील.

जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटे जाड पसरावा आणि दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावा. पावसाळ्यात तो ओला झाला की अमोनिया सुटतो. माणूस उभा असतो तिथे तो वास पोहोचत नाही. खुराड्यात उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले तर भुसा त्याच दिवशी बदलावा.

प्रश्न : पुण्याजवळ आमचे लहान बंगलेवजा घर आहे. आमचे दोन कोंबडे पहाटे चारपासून आरवतात. शेजाऱ्यांनी पोलिसांत जाण्याची भाषा केली आहे. कोंबड्याचे आरवणे बंद करता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बंद करता येत नाही; कमी मात्र निश्चित करता येते. कोंबडा उजेड पाहून आरवतो, अशी आपली समजूत आहे, पण जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की ठरावीक वेळी उजेड मिळणारे कोंबडे तो उजेड होण्याच्या सुमारे दोन तास आधीच आरवू लागतात आणि सतत मंद उजेडात ठेवले तरीही काही दिवस त्याच ठेक्याने आरवत राहतात. घड्याळ त्यांच्या शरीरातच असते. त्याच संशोधकांनी २०१५ मध्ये असेही मांडले की एकत्र राहणाऱ्या नरांत सर्वांत वरच्या मानाचा नर आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून मानाच्या क्रमाने आरवतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण तांबड्याविषयी वापरतो. झाकलेला कोंबडाही आरवायचा राहत नाही, हे शेजाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

आपल्या घरी दोन नर आहेत, म्हणजे सवाल-जवाब चालतो. एक नर कमी केला तर जवाब द्यायला कोणी उरत नाही आणि एकूण आरवणे बरेच घटते. हा पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दुसरे म्हणजे रात्रीचे खुराडे शेजाऱ्यांच्या निजायच्या खोलीपासून जितके लांब नेता येईल तितके न्यावे, त्या दिशेची भिंत विटांची करावी आणि जाळीची बाजू आपल्याच घराकडे करावी. आपला कोंबडा आहे, तेव्हा पहिली झोपमोड आपली होणे न्याय्य आहे. आरवताना नर मान पूर्ण उंचावतो, म्हणून काही जण त्याला रात्री ठेंगण्या खोक्यात ठेवतात. हवा खेळती असेल तर थंडीच्या दिवसांत हे चालते. उन्हाळ्यात डालग्यावर गोणपाट टाकून नर कोंडला तर सकाळी तो गुदमरून मेलेला सापडू शकतो. गळ्याभोवती आवळायच्या पट्ट्याही हल्ली विकत मिळतात. त्या वापरू नयेत.

कायद्याचे म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आहे आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हे नियम कोंबडा डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाहीत, परंतु वाद वाढला तर पहाटे चारची वेळ आपल्या बाजूची नाही, एवढे लक्षात घ्यावे. स्थानिक संस्थेचे पशुपक्षी पाळण्याविषयीचे नियम काय आहेत, याचीही चौकशी आधीच करून ठेवावी. आपल्याला केवळ अंडी हवी असतील, तर माझा सल्ला याहून सोपा आहे. तो पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालते का? आणि कोंबडा असलेल्या घरचे अंडे अधिक पौष्टिक असते, हे खरे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घालते, आणि तेवढीच घालते. अंड्यांची संख्या जात, वय, खाद्य आणि दिवसाचा उजेड यांवर ठरते. नराचा संबंध फक्त त्यातून पिल्लू निघण्याशी आहे. पौष्टिकतेतही फरक नाही. रोजच्या रोज गोळा करून थंड जागी ठेवलेल्या फलित अंड्यात काहीही वाढत नाही, त्यामुळे फोडल्यावर ‘पिल्लू निघेल’ ही भीतीही निराधार आहे. शहरात राहणाऱ्यांनी नर पाळूच नये. कोंबडी खुडूक बसली आणि पिल्ले हवीच असली, तर नर असलेल्या ओळखीच्या घरून आठवडाभरातली, न धुतलेली दहा-बारा अंडी आणून तिच्याखाली ठेवावीत. एकविसाव्या दिवशी तीच पिल्ले तिची होतात.

प्रश्न : आमचा असील जातीचा कोंबडा चार वर्षांच्या नातवाच्या अंगावर जातो. सुधारण्याचा काही उपाय? (एक आजी, जि. सातारा)

उत्तर : आजी, मोठ्या माणसांच्या घरी मी उपाय सांगितले असते : पळू नये, लाथ मारू नये, कारण या दोन्हींचा अर्थ कोंबडा झुंजीचे आव्हान असाच घेतो, त्याला शांतपणे पकडून काखेत धरून दहा मिनिटे हिंडावे आणि पायामागच्या काट्याचे फक्त टोक कानशीने बोथट करावे, कारण आतल्या भागातून रक्त येते. परंतु चार वर्षांच्या मुलाचे डोळे उडी मारणाऱ्या कोंबड्याच्या चोचीच्या टप्प्यात असतात. हा कोंबडा घरात ठेवू नये. असीलला मागणी असते, पण घेणारा झुंजीसाठी घेत नाही ना, हे विचारून घ्यावे. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : नर बदलावा म्हणून आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. आठ दिवसांत वीसपैकी अकरा कोंबड्या दगावल्या. हिरवी विष्ठा होती आणि मान वाकडी होत होती. नवा नर आणताना काय चुकले? (एक वाचक, जि. परभणी)

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची आहेत, मात्र अशी एकाएकी मर झाली की निदान आपल्या अंदाजावर सोडू नये. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला होता. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे, मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत आणि उरलेल्या कोंबड्या बाजारात नेऊन विकू नयेत. त्या मोहाने रोग दुसऱ्या गावात जातो; आपल्याकडेही तो बहुधा तसाच आला.

बाजारातला पक्षी बाहेरून टवटवीत दिसला तरी रोग अंगात असू शकतो. म्हणून नवा नर २१ दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यांत दाणापाणी देऊन ठेवावा, आणि रोज आधी जुन्या कोंबड्यांचे सगळे उरकून मगच त्याच्याकडे जावे. आताच्या परिस्थितीत खुराडे रिकामे करून, भुसा जाळून व भिंतींना चुना देऊन किमान महिनाभर मोकळे ठेवावे.

पुढच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतवरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या दरम्यान गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतचे इंजेक्शन द्यावे. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि एकदा पातळ केली की ती दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी ती आणायला कोणी धजत नाही. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून रवण एकाच पंधरवड्यात बसवले, तर एका कुपीत सगळ्यांचे भागते. लस बर्फात ठेवून आणावी. खिशात घालून आणलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे.

एकवीस दिवस निरोगी राहिलेला नर दिवसा कळपात सोडू नये. रात्री सगळ्या दांडीवर बसल्यावर त्याला अलगद उचलून त्यांच्या शेजारी बसवावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर दार उघडून दाणे दोन-तीन ठिकाणी लांब लांब टाकावेत. नर दाणा दिसताच ‘टुक टुक’ करून माद्यांना बोलावतो की एकटाच खात सुटतो, हे त्या सकाळी पाहून घ्यावे. एकटा खाणारा असेल तर पुढच्या बाजारापर्यंत दुसरा शोधावा.